गळलेला एक पाच

नमस्कार. नाझींच्या मृत्युछावण्यांवरच्या माझ्या लेखातला आकडा ज्या तारेतून घेतला, त्या मूळ तारेचा फोटो शोधून, झूम करून वाचलात आणि मला धरलंत: ‘तारेत ट्रेब्लिंका छावणीपुढे ७१,३५५ आहे, तुम्ही ७,१३,५५५ ठोकलंत. दहापट! शिवाय तिथे “आवक” लिहिलंय, “ठार” नाही. आणि मेले ते काय फक्त ज्यूच?’

पहिल्या मुद्द्यात चूक माझीच. दुरुस्त आकडा वापरला, पण दुरुस्त केलाय हे सांगितलं नाही. आता जरा कागद-पेन्सिल घ्या. ११ जानेवारी १९४३ला पोलंडमधल्या लुब्लिनहून एसएस (नाझींची सशस्त्र संघटना) अधिकारी ह्योफ्लेनं ती तार पाठवली. १९४२ अखेरपर्यंत छावण्यांत आणलेल्या ज्यूंचे आकडे, छावण्यांची नुसती आद्याक्षरं: एल (लुब्लिन) २४,७३३, बी (बेल्झेक) ४,३४,५०८, एस (सोबिबोर) १,०१,३७०, टी (ट्रेब्लिंका) ७१,३५५. एकूण १२,७४,१६६. करा बेरीज. ६,३१,९६६ येते, म्हणजे ६,४२,२०० कमी. टीमधला गळलेला एक पाच परत घाला. हिशेब शेवटच्या माणसापर्यंत जुळतो. (‘जुळतो’ लिहिताना हात अडखळला, पण शब्द तोच आहे.) ब्रिटिशांनी हा बिनतारी संदेश तेव्हाच पकडून उलगडला होता, पण त्या अक्षरांचा अर्थ त्यांना लागला नाही. कागद पन्नासहून जास्त वर्षं लंडनच्या दप्तरात पडून राहिला. आणि एसएसचाच संख्याशास्त्रज्ञ कोर्हेर, त्याच्या १९४३च्या अहवालातही १२,७४,१६६च आहेत.

‘आवक’ म्हणाल तर हो, तसंच लिहिलंय. कोर्हेरनं आधी ‘विशेष वागणूक’ लिहिलं होतं, म्हणजे एसएसच्या भाषेत ठार मारणं. एसएसचा प्रमुख हिमलरनं ते खोडायला लावलं, मग ‘छावण्यांतून पुढे नेलेले’ झालं. पण कुठल्याही कचेरीत आवक असते तशी जावकही असते ना? बेल्झेकच घ्या. त्या आवाराची एक बाजू तीनशे मीटरही भरत नव्हती. तिथे आलेल्या ४,३४,५०८ माणसांची जावक कुठल्याही कागदावर सापडलेली नाही. तिथून सुटून साक्ष देणारे बोटांवर मोजावेत इतकेच.

फक्त ज्यूच का, हे तुमचं बरोबर आहे, लेखात ते यायला हवं होतं. या छावण्या चालवणारे बरेचजण आधी जर्मनी-ऑस्ट्रियातल्या मनोरुग्णांना वायूनं मारण्याच्या कामावर होते. ऑगस्ट १९४१पर्यंत तिथे सत्तर हजारांवर रुग्ण मारले गेले. ट्रेब्लिंकाचा प्रमुख श्टांगल त्यातूनच आला. रोमा (जिप्सी) आणि सोव्हिएत युद्धकैद्यांवर मात्र स्वतंत्रच लिहावं लागेल, एका परिच्छेदात ते मावणार नाही.

लेखात त्या आकड्यापाशी टीप घातली आहे: ‘मूळ तारेत ७१,३५५.’