मिठाची रेघ गोगलगायीपेक्षा भिंतीलाच महाग

पावसाळा लागला की एक संदेश हटकून फिरतो: "आफ्रिकन गोगलगायी भिंती पोखरतात, पाया खचवतात. घराभोवती मिठाची जाड रेघ ओढा, वर अंड्यांची टरफलं पसरा. हात लावाल तर मेंदूज्वर!" यातलं खरं आहे ते अर्धवट आहे, आणि सुचवलेला उपाय घराच्याच मुळावर येणारा.

आधी मीठ. मिठाने गोगलगाय मरते, यात वाद नाही. तिच्या अंगातलं पाणी ओढलं जातं. पण रेघ ओढायची जून-जुलैत, म्हणजे पहिल्याच सरीला ती विरघळून भिंतीच्या बुडाशी मुरणार. ते खारं पाणी विटा आणि गिलावा शोषून घेतात. उघडीप मिळाली की पाणी उडून जातं, मीठ आत राहतं, छिद्रांमध्ये त्याचे स्फटिक वाढतात आणि गिलाव्याचे पोपडे सुटायला लागतात. यालाच लोणा लागला म्हणतात. भिंतीच्या तळाशी बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागते ना, ती हीच. काँक्रीटमध्ये हे मीठ झिरपलं तर आतली सळई गंजते. कडेची जास्वंद आणि कढीपत्ता जळतात ते वेगळंच.

आता "पाया खचवतात". गोगलगायीच्या तोंडात किसणीसारखी पट्टी असते, तिच्यावर बारीक दातांच्या ओळी. शंख वाढवायला तिला कॅल्शियम लागतं, म्हणून ती चुन्याची सफेदी, जुना चुन्याचा गिलावा आणि भिंतीवरचं शेवाळ खरवडते. हिरव्या शेवाळात नागमोडी, दातेरी, धुतल्यासारखे पट्टे दिसले तर ते तिचं काम. रंग जातो, विष्ठेच्या काळ्या वळ्या चिकटतात, भिंत ओंगळ दिसते. नुकसान एवढंच, वरवरचं. पाया खचला असेल तर गच्चीच्या पन्हळीचं पाणी कुठे पडतंय ते आधी बघा.

टरफलांचं तर हसूच येतं. ती कॅल्शियमचीच, म्हणजे पाहुणीला फुकटचा खुराक. स्वतःच्या चिकट स्रावाच्या थरावरून ती धारदार कडाही सहज ओलांडते.

मेंदूज्वराची भीती मात्र निराधार नाही. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक कृमी गोगलगायीत वाढतो आणि माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. पण तो जातो तोंडावाटे: न धुतलेली पालेभाजी, कच्ची गोगलगाय, किंवा तिला हाताळून तसाच तोंडाला लावलेला हात. हातमोजे, साबण आणि स्वच्छ धुतलेली भाजी, एवढी काळजी पुरते.

ही शंखी गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली. २०२२ च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनचे कोवळे कोंब तिने फस्त केले. एका खेपेला शंभराहून जास्त अंडी घालते, त्यामुळे चार-दोन मारून भागत नाही. नेम धरायचा तो पहिल्या पावसानंतरच्या दोन-तीन आठवड्यांवर, अंडी पडायच्या आत.

पाव किलो गूळ अर्ध्या बादली पाण्यात विरघळवा, त्यात गोणपाट भिजवून सूर्यास्तानंतर भिंतीपासून हातभर दूर पसरा. भिंतीला टेकवून ठेवलं तर गोगलगायी गोणपाट सोडून भिंतीवरच चढतात. उन्हं वर येण्याआधी गोणपाट उलटा, खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून साबणाच्या दाट पाण्यात बुडवा, मग खड्ड्यात पुरा. मीठ वापरायचंच तर इथे, बादलीत वापरा; पण ते पाणी बागेत ओतू नका. कुंड्यांखालची, विटांच्या ढिगाजवळची माती वरवर उकरली तर साबुदाण्यासारखी अंडी सापडतील. तीही त्याच बादलीत. विटा, फरश्या, पालापाचोळा भिंतीलगत रचून ठेवू नका. दिवसा लपायला त्यांना तेच लागतं.

गोगलगायी मारायच्या मेटाल्डिहाइड या विषाच्या गोळ्या मिळतात आणि लागूही पडतात, पण कुत्र्याने खाल्ल्या तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. घरात कुत्रं असेल, शेजारचं येत असेल, तर गोणपाटावरच भागवा.