कृपया वैध नाव लिहा

मामाचं पेठेत मंगल कार्यालय आहे आणि मामाचा भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे. एका घरात या दोन गोष्टी असल्या की पुढचं सांगायला नको. कार्यालयाची वेबसाइट पूर्वी कुणा भल्या माणसाने करून दिली होती. तो पुढे बंगलोरला गेला आणि तिच्यावरचा 'संपर्क साधा' नावाचा फॉर्म माझ्या गळ्यात आला. सोबत मामाचं एक वाक्यही आलं. "आलतूफालतू नोंद आत येताच कामा नये."

मामाचा वैताग रास्त होता. आलेल्या नोंदींचा कागद घेऊन मॅनेजर अण्णा रोज सकाळी फोन लावायला बसायचे. नाव काय, तर ए एस डी एफ, म्हणजे कळफलकाच्या मधल्या ओळीतली डावीकडची चार बटणं. फोन नंबर दहा वेळा नऊ. अण्णांनी तो लावूनही पाहिला होता आणि पुढे शेरा मारला होता, 'उचलत नाहीत, उद्या पुन्हा.'

फॉर्मला नियम नव्हते असं नाही. भरपूर होते. उदाहरणार्थ, नावात फक्त अक्षरं चालतील आणि ती किमान तीन हवीत. कागदावर वाचलं तर यात काय चूक आहे? पण देवनागरी ज्या युनिकोड पद्धतीने कॉम्प्युटरात बसवली आहे, तिच्यात 'क' हे अक्षर आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार या नुसत्या खुणा आहेत. त्यामुळे आमच्या फॉर्ममध्ये कमल, मदन आणि छगन ही मंडळी विनासायास आत जात होती. सुनीताबाई पहिल्याच उकारापाशी अडकल्या, वसंतराव अनुस्वारापाशी. 'कृपया वैध नाव लिहा' असं लाल अक्षरांत वाचून वसंतराव बिचारे बारशापर्यंत मागे जाऊन आले असतील.

खुणांना परवानगी दिली, तर तीनची अट आडवी आली. कॉम्प्युटर मोजतो ते कसं, तर 'श्री' म्हणजे श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून चार. 'ओक' मात्र दोनच. नुसतं 'श्री' लिहिणारा खुशाल पुढे, आणि पिढ्यान्‌पिढ्या ओक असलेला माणूस दारात. त्यात लग्नाचं कार्यालय. वधूचं नाव 'चि.सौ.कां.'शिवाय लिहायची लोकांना सवय नाही, आणि टिंब चालत नव्हतं.

मोबाइलचा नियम तसा सरळ, दहा आकडे आणि पहिला सहा ते नऊमधला. पण आजोबांच्या फोनवर मराठी कळफलक असतो, तो नातवाने लावून दिलेला असतो आणि नातू पुण्यात नसतो. आजोबा नंबर मराठी आकड्यांत लिहितात. फॉर्म तपासणाऱ्या जावास्क्रिप्ट या कॉम्प्युटरच्या भाषेच्या लेखी अंक म्हणजे इंग्रजीतले शून्य ते नऊ, बाकी सगळं अवांतर. चौकटीत ढळढळीत ९८ लिहिलेलं आणि खाली सूचना, 'कृपया फक्त अंक लिहा.' एका आजोबांनी कार्यालयात येऊन अण्णांपुढे फोन धरला आणि विचारलं, "मग हे काय आहे, मोगऱ्याची फुलं?"

लँडलाइनची कथा निराळी. पुण्याचा नंबर ०२० धरून अकरा आकडी होतो. शून्य गाळला तर दहा होतात, पण सुरुवात दोनाने, म्हणून नापास. परदेशातल्यांचं तर नशीबच. न्यू जर्सीत एडिसनकडचे नंबर ७३२ने सुरू होतात आणि जर्सी सिटीचे २०१ने. म्हणजे एडिसनचे काका भारतीय मोबाइलवाले समजून सरळ आत, आणि जर्सी सिटीची आत्या बाहेर. आत आलेल्या एका काकांना अण्णांनी फोन लावला. तो देशातल्याच कुणा भलत्या गृहस्थांना लागला, ज्यांच्या घरात लग्न नव्हतं. तरी दोघं बराच वेळ बोलले आणि अण्णांनी त्यांच्या भाचीचं स्थळ वहीत उतरवून घेतलं.

खरी गंमत पत्त्यात. पत्त्यात स्वल्पविराम, कंस आणि तिरकी रेघ चालणार नाही असा जुना नियम होता. सदाशिव पेठेतला पत्ता स्वल्पविरामाशिवाय लिहून दाखवा! 'मागचा जिना, दुसरा मजला, बेल बंद आहे, कडी वाजवावी' हा पत्त्याचाच भाग असतो. मी ती अट काढली, तर मामाने नवी घातली. कुणीतरी जेवणावरून राग काढत फॉर्ममध्ये दोन शब्द सुनावले होते, म्हणून मामाने वाईट शब्दांची यादीच दिली. यादी स्वतः बसून केली होती आणि त्यात 'भिकार' होता, 'खुन्या'ही होता. पहिल्याच आठवड्यात भिकारदास मारुतीजवळची आणि खुन्या मुरलीधरापाशी राहणारी, चांगली खात्यापित्या घरची माणसं असभ्य ठरून परत गेली.

मामाचा फार दोष नाही म्हणा. १९९६ साली अमेरिका ऑनलाइन या बड्या कंपनीने इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना खाती उघडू दिली नव्हती, कारण गावाच्या इंग्रजी नावाच्या पोटात एक शिवी दडलेली आहे. हे मी मामाला सांगितलं. "मग त्यांनी गावाचं नाव बदललं का?" असं त्याने विचारलं, आणि मला वाटतं मनापासून विचारलं.

पत्त्यातलं एकच घर मला आवडतं, ते पिनकोडचं. सहा आकडे, पहिला शून्य नाही, विषय संपला. टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. वेलणकर संस्कृतात कविता करायचे. मात्रा मोजायची सवय असलेल्या माणसानेच असं काम करावं. मामाला त्यातही '४११ने सुरू होत नसेल तर घेऊ नकोस' असं हवं होतं. ४१४वाल्या नगरच्या वधूपित्याने काय करायचं, यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

कार्याच्या तारखेबद्दल काय बोलावं? चौकटीत दिवस-महिना-वर्ष असं मागितलेलं, आणि लोक लिहिणार 'तुळशीच्या लग्नानंतर', 'गुरुजींना विचारून', 'मुलगा हो म्हणाला की'. ही उत्तरं खोटी नाहीत, उलट तारखेपेक्षा जास्त खरी आहेत. पानं किती, या चौकटीत फक्त आकडा चालायचा. एकाने लिहून पाहिलं, 'आमची दोनशे, त्यांचं त्यांना ठाऊक.'

मग मामाच्या हट्टाखातर 'मी रोबो नाही' बसवलं. कॅप्चा हे या प्रकाराचं नाव कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुइस फॉन आन आणि मंडळींनी २००३च्या शोधनिबंधातून रूढ केलं, माणूस कोण आणि यंत्र कोण हे ओळखायला. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच झाला की ज्या बाईंना डोहाळेजेवणासाठी छोटा हॉल हवा होता, त्या अमेरिकेतल्या रस्त्यावरचे आगीचे बंब जोडायचे नळ शोधत बसल्या.

या सगळ्या चाळणीतून एकही चूक न करता कोण येत होतं? 'आम्ही तुमची वेबसाइट गुगलवर पहिली आणू' म्हणणारे. त्यांचं नाव तीन अक्षरांहून मोठं, ईमेल नेटका, मोबाइल दहा आकडी, भाषा अतिशय सभ्य. ज्याला खोटंच लिहायचं आहे, त्याला नियमांचा त्रास काय? नियम वाचून तो नियमात बसेल असंच खोटं लिहितो. 'एबीसी ॲट एबीसी डॉट कॉम' हा ईमेल कुठल्याही तपासणीत पास होतो. आणि खऱ्या माणसाच्या ईमेलमागे त्याच्या फोनने आपण होऊन एक मोकळी जागा सोडलेली असते. ती दिसत नाही, पण ईमेल चुकीचा ठरतो.

शेवटी एक नोंद आली. नाव 'टेस्ट टेस्ट', मोबाइल दहा वेळा नऊ, ईमेल तोच एबीसीचा. अण्णांनी काट मारायला पेन उघडलं, तेवढ्यात त्यांचं लक्ष 'निरोप' या चौकटीकडे गेलं. फॉर्मात तेवढी एकच चौकट बिननियमाची होती. तिच्यात लिहिलं होतं, 'वरचं सर्व खोटं आहे. खरं तुमचा फॉर्म घेत नाही. मुलीचं लग्न मार्गशीर्षात, मुहूर्त सकाळचा, पानं चारशे, पैकी साठजण कांदा-लसूण खात नाहीत. खाली दिलेल्या लँडलाइनवर फोन करावा, मोबाइल मुलाकडे असतो आणि तो उचलत नाही. — ओक.'

त्याच संध्याकाळी ओकांकडून आगाऊ रक्कम आली. मामाने तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "बाकीच्या चौकट्या काढून टाक. ही एकच ठेव." मी आनंदाने लॅपटॉप उघडला.

"फक्त," मामा म्हणाला, "हिच्यात किमान पन्नास अक्षरं हवीत असं कर. लोक नुसतं 'हॉल आहे का' एवढंच लिहितात."

"मग तू काय कळवतोस?"

"नाही."