असल्या बायका नव्हत्याच म्हणे

दादाचा व्हॉइस मेसेज सव्वाचार मिनिटांचा होता. मी तो ऐकला शहाण्णव नंबरच्या ट्राममध्ये, सेंट किल्डाला जाताना. म्हणजे ज्या बाईवर तो एवढा तापला होता, तिच्याच घराच्या दिशेने. घर कादंबरीतलं, पण एस्प्लनेड रस्ता खरा आहे आणि त्यावरून माझी ट्राम रोज जाते.

झालं असं, की भाचीच्या वाढदिवसाला मी मेलबर्नहून फ्रायनी फिशर ह्या कादंबऱ्यांतल्या गुप्तहेर बाईची सात पुस्तकं पाठवली. ऑप शॉपमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या धर्मादाय दुकानात, दोन-दोन डॉलरला मिळालेली, एकाच्या पानांना अजून कुणाच्या तरी सनस्क्रीनचा वास. भाची सतरा वर्षांची आहे. पार्सल फोडलं दादाने. तो हायस्कूलात इतिहास शिकवून निवृत्त झालेला. दीड पुस्तक वाचून त्याने निकाल दिला: "१९२८ साली असली बाई? केस कापलेले, सिगारेट काय, पिस्तूल काय, गाडी आपण हाकते, विमान चालवते, आणि पुरुष तर पातळ बदलावं तसे. इतिहासात असल्या बायका नव्हत्याच. पोरीच्या डोक्यात हे भरू नको." शेवटी कोंकणीत, कारण खरं बोलायचं ते आमच्या घरी कोंकणीतच: "तुमकां थंय बरें आसा, आमकां हांगा रावपाचें आसा." तुमचं तिथे बरं आहे, आम्हाला इथे राहायचंय.

हे शेवटचं वाक्य मी गेली एकोणीस वर्षं ऐकतेय. वीज गेली तरी हेच, खाणीचे ट्रक वाढले तरी हेच.

आधी पुस्तकाचं बोलू. केरी ग्रीनवुडने पहिली फ्रायनी लिहिली १९८९ मध्ये. ही बाई वकील, गरिबांचे खटले चालवणारी. वडील गोदीत कामाला. कायदा शिकताना तिने १९२८ च्या गोदी संपाचा अभ्यास केला होता, आणि नायिकेला तेच साल दिलं. म्हणजे दादा, तुझ्याइतका नाही तरी थोडा इतिहास तिलाही येत होता. फ्रायनी कॉलिंगवुडच्या गरिबीत वाढते, युद्धात वारसदार पुरुष मेल्यामुळे बापाला अचानक सरदारकी मिळते, ती फ्रान्सला जाऊन रणांगणावरचे जखमी उचलते, आणि मग लाल हिस्पानो-सुइझा गाडी घेऊन मेलबर्नमध्ये लोकांच्या भानगडी सोडवते. रेशमी कपड्यांची वर्णनं पानंच्या पानं. मला ती वर्णनं आवडतात. खून कोणी केला हे मी बहुतेक वेळा विसरते, हिरवा झगा लक्षात राहतो.

आणि हा आक्षेप कोण घेतंय? फोंड्याच्या वाचनालयातून शर्टात लपवून अर्नाळकर आणणारा माणूस! घरात बोलायचं कोंकणी आणि वाचायचं मराठी, ही आमची रीत. माळ्यावर नारळाच्या ढिगाला टेकून आम्ही दोघांनी धनंजय आणि छोटूची किती पुस्तकं संपवली त्याला गणती नाही. आई खालून ओरडायची, "परत तेंच वाचतात?" तेव्हा धनंजयने पिस्तूल काढलं म्हणून इतिहास बुडाला नाही. बाईच्या हातात आलं की बुडतो.

इथे आमच्या लायब्ररीत काठी टेकत येणाऱ्या आज्या एका वेळी सहा-सहा खून घरी नेतात. कोणी मान वळवून बघत नाही.

(हो, ठाऊक आहे, इथेही बायकांना मोकळं रान नव्हतं. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, शिक्षिकेचं लग्न झालं की कायम नोकरी जायची, आणि हे १९५६ पर्यंत चाललं. दादाला हे मी सांगितलेलं नाही. त्याने आपलं आपण शोधावं.)

बरं, १९२८ च्या गोव्याचंच बोलू. त्या साली फोंडा महालातल्या केरी गावची केसरबाई केरकर पस्तिशीत होती, मुंबईत अल्लादियाखाँसाहेबांची तालीम घेत होती. कुर्डीची मोगूबाई चोवीस वर्षांची. ह्या बायका गाव सोडून गेल्या, उस्तादांच्या मागे लागून विद्या मिळवली, स्वतःच्या गळ्यावर घरं चालवली. केसरबाईच्या हिऱ्यामोत्यांचे आणि करारीपणाचे किस्से दादाच मला सांगायचा. तिची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली हे तो पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. त्या देवळाशी बांधलेल्या कलावंतिणींच्या समाजातून आल्या, गोव्यात त्यांना कोणी कुठल्या दाराने घरात घेतलं असतं, हे मात्र सांगत नाही. केसरबाई ही "कला". फ्रायनी ही "असली बाई".

इथवर मी ट्राममध्ये मनातल्या मनात छान भांडत होते. मग लूना पार्क ह्या जत्रेच्या बागेचं, दारावरचं ते उघडं तोंड दिसलं आणि उतरायला हवं होतं, तर उतरले नाही.

कारण "नव्हत्याच" हे मलाही खोटं ठरवता येतं, कागदानिशी, आणि मी ते कधी केलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी घरातला माझा वाटा दादाच्या नावे सोडायला मी गोव्यात गेले होते. पोर्तुगीज कायद्याने मुलीला वाटा मिळतो, त्याचं आम्ही गोंयकार जगभर कौतुक करतो, आणि मग मुली येऊन सह्या करून तो सोडतात. मीही केली, खुशीने, उगाच खोटं कशाला बोलू. जुने कागद लागले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून १९३१ चं खरेदीखत निघालं, पोर्तुगीज भाषेत, कडा वाळवीने खाल्लेल्या. म्हाताऱ्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून, कागद नाकाशी धरून वाचलं: घेणार, शांता, "सोल्तेयरा, मायोर, प्रोप्रियेतारिया". मग आम्हाला कळावं म्हणून बोटं मोडत सांगितलं: लग्न न झालेली, सज्ञान, मालमत्ता असलेली.

आमच्या घरात सांगतात की घर पणजोबांनी बांधलं. शांता म्हणजे आमच्या आजीची आई, मोठी आय. देवळाच्या वाड्यावरची. मुंबईला गाऊन परत आली, एवढंच एकदा आजी तापात बोलली होती.

दादा खोकला आणि त्याने पाणी मागितलं. मी पर्समध्ये पेन शोधत राहिले. पेन हातातच होतं.

बाहेर पडून आम्ही भजी खाल्ली आणि पेट्रोलच्या भावावर बोललो.

तेव्हा दादाला बोल लावण्यात अर्थ नाही. मी इकडे काय केलं? मराठी मंडळात "तुम्ही गोव्याचे, म्हणजे कोंकणी ना?" असं विचारतात तेव्हा मी घराण्याचा पाढा म्हणते, देव मंगेशी, गाव अमुक, आणि मोठी आय त्यातून बरोब्बर गळते. शेजारच्या ग्रीक बाईला फ्रायनीबद्दल तासभर सांगते. आणि ज्या १९२८ च्या मेलबर्नवर मी लट्टू आहे, त्यात मला बंदरातच थांबवलं असतं: गोऱ्यांचा देश राखायला अधिकारी कुठल्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचं श्रुतलेखन घालायचे, नापास झालं की परत. मला पोर्तुगीज येत असतं तर त्यांनी दुसरी भाषा काढली असती. फ्रायनीच्या दिवाणखान्यात मी चहासुद्धा प्याले नसते. मोठी आयेच्या बैठकीत बसले असते का, हेही मला सांगता येत नाही.

भाचीचा वेगळा मेसेज आलाय: "आत्या, बाबांनी पुस्तकं कपाटात ठेवलीत पण किल्ली तिथेच आहे. पुढची चार पाठव."

काल पोस्टात गेले. कस्टम्सचा फॉर्म भरला, वापरलेली पुस्तकं, नग चार, किंमत आठ डॉलर. मग घराचा पत्ता. शांता निवास, वगैरे वगैरे. नाव कशावरून म्हणून कोणी विचारलं तर आम्ही सगळे सांगतो, शांतादुर्गेवरून.