मे महिन्यात नाटककारांनाही जागा द्या

मे उजाडला की आपल्याकडे नाट्यशिबिरांची रेलचेल सुरू होते. लहान मुलांची, अभिनयाची, कुठे प्रकाशयोजनेचीसुद्धा. ती व्हायलाच हवीत. पण ज्याच्याकडे नवं नाटक अर्धं लिहून पडलंय, त्याच्यासाठी उन्हाळ्यात काय आहे? जवळपास काहीच नाही, आणि मला हे फार लागतं.

अमेरिकेत कनेटिकट राज्यात वॉटरफर्ड हे समुद्रकाठचं गाव आहे. तिथे जॉर्ज व्हाइट यांनी १९६४ मध्ये यूजीन ओनील थिएटर सेंटर सुरू केलं. अमेरिकन नाटककार ओनीलच्या लहानपणीचे उन्हाळे शेजारच्याच न्यू लंडनमध्ये गेले, म्हणून हे नाव. दर उन्हाळ्यात निवडक नाटककार इथे राहायला येतात. सोबत दिग्दर्शक, ड्रामाटर्ग (म्हणजे संहितेवर लेखकासोबत काम करणारा सल्लागार) आणि कसलेले नट. थोड्या तालमी, मग संहिता हातात धरून प्रेक्षकांसमोर वाचन. नेपथ्य नावापुरतं. पहिला-दुसरा क्रमांक नाही, करंडक नाही. ऐकायचं, पानं बदलायची, पुन्हा ऐकायचं.

अमेरिकन नाटककार ऑगस्ट विल्सन इथूनच पुढे आला. त्याआधी तो एका सेवाभावी संस्थेत स्वयंपाकी होता. त्याची आधीची नाटकं ओनील सेंटरने परत पाठवली होती. १९८२ मध्ये त्याचं ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ हे नाटक निवडलं गेलं आणि त्याला लॉइड रिचर्ड्स हे दिग्दर्शक भेटले. १९६८ पासून सेंटरची ही उन्हाळी नाटककार परिषद तेच चालवत होते. पुढच्याच उन्हाळ्यात विल्सन ‘फेन्सेस’ घेऊन आला. पहिलं वाचन चार तासांच्या वर गेलं! आपल्याकडच्या एखाद्या स्पर्धेत त्या नाटकाचं काय झालं असतं, विचार करा. तिथे कुणी त्याला बाद केलं नाही. नाटक ऐकून, कापून, पुन्हा बांधून पुढे गेलं, १९८७ मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि त्याच वर्षी त्याला पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळाला.

यातल्या समुद्राचं आणि शांत खोलीचं मला फारसं अप्रूप नाही. आपले नाटककार नोकरी सांभाळून लिहीत आलेत. सतीश आळेकर पुण्यात बी. जे. मेडिकलमध्ये बायोकेमिस्ट होते आणि त्याच काळात ‘महानिर्वाण’ लिहीत होते. लिहायला रात्र मिळतेच कशीतरी. मिळत नाहीत ते नट! नाटक कच्चं असताना ते मोठ्याने वाचणारे, ‘हे वाक्य तोंडात बसत नाही’ असं स्पष्ट सांगणारे आणि दोन दिवसांनी बदललेला प्रवेश तितक्याच मनापासून पुन्हा वाचणारे.

आपल्या व्यवस्थेत कच्चेपणाला जागाच नाही. स्पर्धेची तारीख ठरलेली, वेळेची मर्यादा ठरलेली. व्यावसायिक नाटकात थिएटरच्या तारखा हातात आल्या की शेवटचा अंक घाईत उरकला जातो. शिवाय प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता आधी पाठवावी लागते, म्हणजे पहिला प्रेक्षक समोर यायच्या आतच नाटक कागदावर पक्कं झालेलं असतं. मग चांगली कल्पना असलेलं नाटक दुसऱ्या अंकात ढासळतं आणि आपण म्हणतो, लेखक कमी पडला. त्या लेखकाने स्वतःचा दुसरा अंक प्रयोगाआधी कधी ऐकला तरी होता का?

आपल्याला हे जमत नाही असंही नाही. पुण्याच्या थिएटर अकादमी या नाट्यसंस्थेने १९८५ ते १९९४ या काळात नाटककारांच्या विकासाची योजना चालवली होती. कल्पना आळेकरांची, पैसा अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनचा. पैसा बाहेरचा होता हे खरं, पण काम इथलंच होतं. त्याला आता तीस वर्षं उलटून गेली.

मला भव्य काही नको आहे. मे महिन्यात कितीतरी कॉलेजांची वसतिगृहं रिकामी असतात. त्यातलं एक, तीन-चार नाटककार, सात-आठ नट, दोन दिग्दर्शक आणि दोन आठवडे. सोलापूर, नांदेड, चंद्रपूरकडच्या लिहिणाऱ्यांना आधी बोलवा, कारण पुण्या-मुंबईत निदान वाचून दाखवायला चार मित्र तरी असतात. शेवटी वाचन ठेवा, पण परीक्षक नकोत आणि ‘उत्कृष्ट संहिता’ वगैरे तर मुळीच नको. आणि नटांना मानधन द्या. ‘वाचायचंच तर आहे’ म्हणून त्यांना फुकट राबवू नका. हे वाचन प्रयोगाइतकंच कष्टाचं असतं.

कुणाच्या हातात असं वसतिगृह असेल, किंवा दोन आठवड्यांच्या जेवणाचा खर्च उचलणारं कुणी माहीत असेल, तर मला कळवा. पुढच्या मेची तयारी दिवाळीआधीच सुरू करावी लागेल.