बाईनं चालायचं, पण कशासाठी ते आधी सांगायचं

आज सकाळपासून डोकं फिरलेलं आहे. दिवसभर मशीनवर बसून ब्लाऊज शिवले, एका बाईच्या बाह्या उलट्या लावल्या, उसवल्या, परत लावल्या, तरी राग काही उतरला नाही. आता पोरं जेवली आहेत. भांडी तशीच पडली आहेत, पडू द्या. आधी हे लिहिते.

झालं असं की नेहमीसारखी साडेपाचला निघाले, डांबरी रोडनं नाल्याच्या पुलापर्यंत गेले आणि परत येत होते. फाट्यावर चहाच्या टपरीसमोर शेकोटी पेटली होती, पाच-सहा जण हात शेकत बसलेले. त्यातले एकजण नात्यानं माझे चुलत सासरे लागतात. मला पाहून म्हणतात, "सूनबाई, एवढी चालूनच रायली त दोन बकऱ्या घेऊन जात जा ना सोबत. त्यायचं तरी पोट भरन."

सगळे हसले. एकाला तर चहाचा ठसका लागला.

आता मामाजींना, म्हणजे ह्या चुलत सासऱ्यांना, उलटून बोलता येत नाही. म्हणून इथं बोलते. मामाजी फेसबुकवर नाहीत, पण त्यांचा पोरगा आहे. वाचून दाखव रे बाबू त्यांना, सावकाश, एकही शब्द न गाळता.

मला शुगर आहे. म्हणजे अजून बॉर्डरवर आहे, पण डॉक्टरांनी सरळ सांगितलं, गोळी सुरू करायची नसेल तर रोज पाऊण तास जोरात चाला. माझं काम बसून. सीझनमध्ये वावरात जाते, नाही तर सकाळपासून रात्रीपर्यंत मशीन. तर मी चालते. कोणाच्या बापाचं काय जातं? रोड सरकारचा, पाय माझे, चप्पलसुद्धा माझ्या शिलाईच्या पैशाची.

पण नाही. गावात बाई पहाटे घराबाहेर दिसली की तिच्याकडे कारण पाहिजे. कार्तिकात महिनाभर आम्ही काकड आरतीला जातो, चार-साडेचारला, थंडीत अंघोळ करून. कोणी एक शब्द विचारत नाही, उलट म्हणतात किती भाविक सून आहे. नळ पहाटे सुटला, गुंड घेऊन धावलं, कोणी विचारत नाही. कापूस वेचायला मजूर बायांचा ऑटो अंधारात भरून जातो, कोणी विचारत नाही. देवासाठी उठा, पाण्यासाठी उठा, चुलीसाठी उठा, दुसऱ्याच्या वावरासाठी उठा. फक्त स्वतःच्या टोंगळ्यासाठी उठू नका. उठलात तर बकऱ्या घेऊन जा.

आणि एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही, मी बोलते. पहाटेचा रोड बाईचा होता तो फक्त डबा घेऊन जायला. घरोघरी संडास आले ते आता. मध्ये गुड मॉर्निंग पथक नावाचा प्रकार होता, पहाटे रोडवर येऊन उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायचे, गुलाबाचं फूल द्यायचे, शिट्ट्या मारायचे, दंडाची भीती घालायचे. आमच्या पिढीच्या बाया त्या शिट्टीला इतक्या दचकलेल्या आहेत की आजही अंधारात रोडवर चालताना मागून गाडीचा उजेड आला की पाय आपोआप बाजूच्या धुऱ्याकडे वळतात. मी तर फक्त चालत असते! तरी वळतात.

शेजारची एक बाई माझ्यासोबत यायला लागली आहे. ती काय करते माहीत आहे? हातात विळा घेते आणि खांद्यावर रिकामं पोतं टाकते. गवत कापायचं नसतं. विळा हातात असला की कोणी विचारत नाही, म्हणते. पाऊण तास चालते, पोतं रिकामंच परत आणते. मी तिला म्हटलं, अगं फेक तो विळा, पडलीस तर लागेल. म्हणाली, "लागला तर लागला ताई, बोलण्यापेक्षा बरा."

मला आठवण येते पुतणीची. माझ्या भासऱ्यांची पोरगी. पोलीस भरतीची तयारी करत होती. गावात मैदान म्हणजे शाळेचं, आणि त्याला कुलूप. म्हणून रोड. एक दिवस आली आणि म्हणाली, काकू, तुम्ही फक्त मागून स्कूटी घेऊन या. बाकी मी पाहते. मी पहाटे उठायला लागले ते तिच्यामुळे. ती पुढे पळायची, मी मागून फर्स्ट गिअरसारखी हळूहळू स्कूटी रेटायची (स्कूटीला गिअर नसतात, माहीत आहे मला, कमेंटमध्ये शिकवू नका), हेडलाइटचा उजेड तिच्या पायापुढे पडेल एवढं अंतर ठेवून. स्कूटीच्या मीटरवर आठशे मीटर मोजले आणि पाण्याच्या टाकीपासून तिथपर्यंत चुन्याच्या रेघा मारल्या. पाऊस आला की रेघ जायची, परत मारायची. गोळा नव्हता. मुलींना चार किलोचा गोळा फेकायचा असतो, तर तिनं नाल्यातून गोल दगड आणला आणि किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून घेतला. थोडा जास्त भरला. म्हणाली बरंच आहे, तिथं हलका वाटेल.

भरतीत पोरींना आठशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, सगळं मिळून 50 मार्क. आठशे मीटर 2 मिनिटं 50 सेकंदात मारलं तर पूर्ण 20. पोरांना सोळाशे असतं. हे सगळं मला तोंडपाठ आहे, कारण मोबाईलवर वेळ मी लावायची. शेवटच्या वळणावर ती तोंडानं श्वास घ्यायला लागली की मला मागून कळायचं, आज नाही बसत वेळेत.

तेव्हा गावानं काय म्हणावं? कौतुक! खरंच कौतुक. सुरुवातीला पंधरा दिवस कुजबुज झाली, कोणाची पोट्टी, ट्रॅकपँट घालून पळते, बाप काही बोलत नाही का. मग कळलं भरतीची तयारी आहे, आणि तेच लोक शेकोटीवरून ओरडायचे, "पळ बाई पळ!" ह्याच मामाजींनी तिला एकदा भिजवलेले हरभरे आणून दिले होते. खोटं कशाला बोलू, दिले होते. माणूस वाईट नाही.

पण बघा ना. पोरगी नोकरीसाठी पळते तर चांगलं. काकू तब्येतीसाठी चालते तर बकऱ्या.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती "वावरात राबणाऱ्या बाईला व्यायामाची काय गरज" ह्या वाक्याची. हे वाक्य म्हणणारा माणूस कधी दिवसभर निंदायला बसलेला नसतो. माझी जाऊ, पुतणीची आई, लग्न होऊन आली तेव्हापासून वावरात आहे. निंदण, खत, वेचणी. कापूस वेचताना कमरेला ओटी बांधलेली, ती भरत जाते तसं वजन वाढत जातं, आणि त्याच वजनासकट वाकून पुढची ओळ. आज तिची कंबर सरळ होत नाही. बीपीची गोळी आहे. डॉक्टरांनी तिलाही चालायलाच सांगितलं, आणि ती मला म्हणते, दिवसभर वावरात चालतेच ना मी. अगं बाई, ते चालणं नाही, ते झिजणं आहे. दिवसभर एकाच अंगानं वाकायचं, त्यात ना मोकळा श्वास, ना हात वर, ना पाठ ताठ. काम कामाच्या सोयीनं होतं, शरीराच्या नाही.

हो, मेहनत आहे, आणि मेहनत करणाऱ्याला आराम आधी पाहिजे, हे मान्य. आमच्या घरचे सध्या रात्री हरभऱ्याला पाणी द्यायला जातात, कारण विजेची लाइन रात्रीची. शिवाय रानडुकरं. मी साडेपाचला निघते तेव्हा ते मफलर गुंडाळून, बॅटरी हातात, चिखलाच्या पायानं परत येत असतात. दारात भेट होते आमची. त्यांना मी कधी म्हणणार नाही की चला फिरायला. ज्याची झोप झाली नाही त्याला पहाटेचे फायदे सांगणारा माणूस मूर्ख. ते शहरातले काही काही पाहुणे सांगतात ना, पाचला उठा, आयुष्य बदला, त्यांना एकदा जागलीवर पाठवायला पाहिजे.

आणि पाचलाच उठलं पाहिजे असंही काही नाही. संध्याकाळी चाललं तरी पायाला काय कळतं. पण संध्याकाळी स्वयंपाक कोण करणार, आणि संध्याकाळी रोडवर कोण कोण झुलत असतं ते आपल्याला माहीत आहे. उन्हाळ्यात तर बोलायलाच नको, आपल्याकडं पारा पंचेचाळीसला जातो, सकाळी आठनंतर सावलीतसुद्धा चालवत नाही. म्हणून पहाट.

ग्रामपंचायतीनं ओपन जिम बसवली आहे, हिरव्या-पिवळ्या रंगाची. पारासमोर. जिथं दिवसभर पत्त्यांचा डाव असतो. तिथं जाऊन कोणती बाई कंबर फिरवणार? सध्या त्यातल्या एका मशीनवर कोणाची तरी गोधडी वाळते. एवढा एकच उपयोग चालू आहे.

ह्याच मातीत तुकडोजी महाराज होऊन गेले, गावोगाव गुरुदेव सेवा मंडळं काढली, पहाटे उठून ध्यान, सफाई, व्यायाम सगळं शिकवलं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं आहे, तिथली पोरं 1936 साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ दाखवून आली. भाषणात हे सगळे सांगतात. भाषण झालं की घरी जाऊन सुनेला म्हणतात, सकाऊन सकाऊन कुठं चालली?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मैत्रिणी म्हणतील, तुमचं बरं आहे, आमच्याकडं पहाटे वाघ असतो. खरं आहे. तिथं मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला बाया पहाटेच जंगलात जातात आणि काही परत येत नाहीत. आमच्याही यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-पांढरकवड्याकडं 2018 ला अवनी वाघीण मरेपर्यंत लोक दिवसासुद्धा एकटे वावरात जात नव्हते. तिथं कोणाला फिरायला जा म्हणायची माझी हिंमत नाही.

पण वाघापेक्षा मला रोडची भीती वाटते. एकदा पुतणी पळत होती आणि समोरून कापसाची गाडी आली, दोन्ही बाजूंनी फुगलेली, हेडलाइट अपरवर लावून. मला काहीच दिसेना. ती कुठं आहे तेच दिसेना. मी नुसता हॉर्न दाबून धरला. गाडी गेली तेव्हा ही खाली नालीत उतरून उभी, चपळ पोरगी, हसत होती. मी स्कूटी स्टँडला लावली आणि तिथंच बसले, माझे हात थरथरत होते. तिनं मला पाणी पाजलं, उलटं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, 2025 ला, गडचिरोली जिल्ह्यात काटलीजवळ हायवेवर पहाटे व्यायामाला गेलेल्या पोरांना ट्रकनं चिरडलं. चार पोरं गेली. बातमी वाचली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. लोक लगेच म्हणाले, हायवेवर कशाला जायचं? मग कुठं जायचं, सांगा ना. गावाला मैदान द्या, मग विचारा. पाच वाजता अंथरूण सोडणारी पोरं होती ती, आळशी नव्हती, मोबाईलमध्ये तोंड घालून पडलेली नव्हती. तुम्ही जसं पाहिजे म्हणता तशीच होती.

जाऊ द्या. डोळ्यात पाणी येतं.

पुतणीचं सांगायचं राहिलं. मैदानी परीक्षा निघाली तिची, चांगल्या मार्कांनी. लेखीत राहिली. परत एकदा प्रयत्न करते म्हणाली, पण स्थळ चांगलं आलं, नागपूरकडचं. लग्न झालं. मध्ये फोनवर विचारलं, पळतेस का गं? तिकडं तर मोठे मोठे मैदान आहेत. म्हणाली, "काकू, आता कशाला?"

मी फोन ठेवला आणि खूप वेळ मला काही सुचलं नाही. जी पोरगी वाऱ्यासारखी पळायची, ती म्हणते आता कशाला. तिचा दोष नाही. आपणच तिला शिकवलं की पळायचं ते नोकरीसाठी. नोकरी गेली, पळणं गेलं. कोणी तिला हे सांगितलंच नाही की तुला पळताना छान वाटत होतं, तेवढंही पुरे. मी पण नाही सांगितलं, कारण मला तरी कुठं ठाऊक होतं. मला ते ती गेल्यावर कळलं, स्कूटी घरी ठेवून पायी निघाले तेव्हा. पहिले आठ दिवस पिंढऱ्या दुखल्या. नंतर असं व्हायला लागलं की पुलावर पोचले की परतावंसंच वाटेना. तिथं थंडगार वारं असतं, तुरीचा वास असतो, आणि पाऊण तास मला कोणी हाक मारत नाही. ना आई, ना सूनबाई, ना ताई माझा ब्लाऊज झाला का. शुगरचा रिपोर्ट काय येईल तो येवो, हा पाऊण तास मी सोडणार नाही. सासूबाईंना सुरुवातीला आवडलं नव्हतं. आता त्याच मला उठवतात, "उठ वं, पाच वाजले," आणि मी येईपर्यंत चहा मांडून ठेवतात. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही.

तर ज्या बाया हे वाचत आहेत, आमच्या गावच्या आणि शेजारच्या टोल्यावरच्या, त्यांच्यासाठी: उद्या साडेपाचला पाण्याच्या टाकीजवळ या. पांढरा किंवा फिक्कट दुपट्टा घ्या, काळी शाल नको, गाडीवाल्याला दिसलं पाहिजे. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं चालायचं. बॅटरी असेल तर आणा. कुत्र्यांसाठी काठी मी घेते. विळा आणला तरी चालेल, मी काही म्हणणार नाही. गुरुवारी नळ येतो, त्या दिवशी सुट्टी.