चाकू दिसला की डाव विसरा

स्वसंरक्षणावरचा एक लेख वाचला, त्यात चाकू हिसकावायचे पाच डाव फोटोसकट दिलेत. फोटोतला गडी हात लांब करून थांबतो. खरा गडी चारपाच वेळा भोसकून मोकळा होतो. मी आठ वर्षं तालमीत लाल मातीत घालवली. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात पाठ टेकली की कुस्ती संपते, शिट्टी वाजते. रंकाळा तलावावर रात्री खाली पडलात तर समोरच्याचे दोस्त लाथा घालायला मोकळे. म्हणून रस्त्यावर कुणाला कवेत घेऊन पाडायच्या भानगडीत पडू नये, हे पैलवानानंच सांगतोय!

कुणी तुमचं मनगट धरलं तर मात्र एक साधी गोष्ट चालते: त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं हात फिरवून झटका द्यायचा, पकड तिथंच कच्ची असते. आणि सुटला की पळायचं, तिथं उभं राहून शिव्या द्यायच्या नाहीत (आपल्याकडं हेच अवघड). मोबाईल मागितला तर लांब फेका, तुम्ही उलट्या दिशेनं सुटा आणि कुणाच्या तरी फोनवरून ११२ हा मदतीचा नंबर लावा.

कायद्याचा मुद्दा लेखात राहिलाच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपुरताच. पळणाऱ्याला गाठून बडवलं की आरोपी तुम्ही.