"थकवा मनाचा असतो" म्हणणाऱ्या दादांना

दादा, डेंग्यूनंतरच्या थकव्यावरच्या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया परवाच वाचली पण लगेच लिहिलं नाही, कारण खरं सांगते, वाचून डोळ्यांत पाणी आलं होतं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की थकवा मनाचा असतो, मी आठ महिने घरी बसले म्हणजे हार मानली, आणि आता तेच लिहून नव्या पोरांना आळशी करतेय, रोज थोडं थोडं पळणं वाढवत नेलं असतं तर कधीच बरी झाले असते.

अहो, तेच तर केलं होतं मी. डेंग्यू झाला, प्लेटलेट वर आल्या, ताप उतरला आणि बाराव्या दिवशी मी साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात पळायला. दहा किलोमीटर ४६ मिनिटांत पळणारी मी, वाटलं घाम निघाला की अंग मोकळं होईल. त्या दिवशी काही झालं नाही, उलट फ्रेशच वाटलं. तिसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालायला हात वर केले तर ते वर धरवेनात, शेवटी आईने घातली वेणी. या आजाराची, म्हणजे क्रॉनिक फटीग सिंड्रोमची (एमई/सीएफएस), खोच हीच आहे, दणका लगेच बसत नाही, दिवस-दोन दिवसांनी बसतो, त्यामुळे कशाने झालं तेच कळत नाही. मग चार दिवस झोपायचं, जरा बरं वाटलं की परत पाच किलोमीटर, परत झोपायचं, असे तीन महिने काढले. उठल्याउठल्या ठोके ५२ असायचे ते ६८ वर गेले, आंघोळ स्टुलावर बसून करायला लागले. जिद्द कमी पडली म्हणता, जिद्दीनेच घात केला माझा.

आणि "हळूहळू वाढवत न्या" हे फक्त तुम्हीच म्हणता असं नाही, डॉक्टरलोकही सांगायचे. इंग्लंडमध्ये कोणत्या आजाराला कोणते उपचार द्यावेत ते सुचवणाऱ्या नाइस या संस्थेने २००७ मध्ये याच आजारासाठी ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार सुचवला होता आणि २०२१ मध्ये तो स्वतःच काढून टाकला. त्याने तब्येत आणखी बिघडते हे पेशंट किती वर्षं जीव तोडून सांगत होते! नुसतं ओव्हरट्रेनिंग, म्हणजे अति सरावाचा थकवा, असेल तर काही आठवडे, कधी काही महिने, नीट आराम केला की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते, माझं तसं नव्हतं.

ते आठ महिने मी नुसती लोळत पण नव्हते. घड्याळात १०५ चा अलार्म लावला होता, ठोके त्याच्यावर गेले की असेन तिथे बसायचं. दळणाचा डबा घेऊन जिन्यात बसलेय, शेजारच्या काकू बाजूने वर चालल्यात, घड्याळ मनगटावर थरथरतंय आणि मला अजून अकरा पायऱ्या चढायच्यात. घाटात शेवटची चढण मारण्यापेक्षा ते बसून राहणं मला जास्त जड गेलं.

ललिता बाबर यांचं उदाहरण तुम्ही दिलंत. मोहीसारख्या दुष्काळी गावातून जाऊन २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, फायनलला दहाव्या, आम्हा सातारच्या मुलींसाठी ते काय आहे ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पण त्यांचे कष्ट दाखवून आजारी माणसाला उठ म्हणणं बरोबर नाही.

एक गोष्ट मात्र तुमची शंभर टक्के पटली. तपासण्यांबद्दल मी एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), बी१२, थायरॉइड, शुगर हे आधी बघायलाच हवं, आणि पळणाऱ्या मुलींनी पाळी चुकतेय का, जेवण पुरतंय का हेही, कारण यातलं काही निघालं तर त्यावर उपचार आहेत. मूळ लेखात आज ते टाकते.

आता मी आठवड्यातून तीनदा दोन-अडीच किलोमीटर पळते, मध्ये चालत. यंदा हिल मॅरेथॉनला नाव दिलेलं नाही.

तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात की पुतण्याला पण डेंग्यू होऊन गेलाय आणि त्याला तुम्ही पहाटे ग्राउंडवर नेताय, पोरगं कुरकुरतंय. दादा, हात जोडून सांगते, थोडे दिवस थांबवा त्याला आणि डॉक्टरांना दाखवा. ग्राउंडवरून आल्यावर कसा आहे ते बघू नका, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी कसा उठतो ते बघा, आणि मला इथेच कळवा.